शुक्रवारचं पाकीट

दादा शेवटचा माझ्याकडे आला तो चकल्या न्यायला. दिवाळी होऊन गेली होती, पण माझं शारजातलं घर म्हणजे बारमाही फराळाचा कारखाना. स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून त्याने नेहमीप्रमाणे गरम चकलीचा तुकडा मोडला, नेहमीप्रमाणे मीठ कमी आहे म्हणाला आणि नेहमीप्रमाणे दुसरी उचलली. मग जरा वेळाने, पाठ माझ्याकडे करून, लेकीबद्दल म्हणाला, रेवा डिसेंबरात येतेय, तिकीट झालं. आणि मग, "शैले, या वेळी सांगतो तिला." मी झारा खाली ठेवला. म्हटलं, दादा, हे तू ती शाळेत होती तेव्हापासून सांगतो आहेस. त्यावर तो हसला आणि म्हणाला, "या वेळी तयारी केलीये." कसली तयारी ते मी विचारलं नाही. तेल तापलेलं होतं, घाणा जळत होता, आणि दादाच्या तयाऱ्या मला ठाऊक होत्या. पुढच्या आठवड्यात त्याच्या गोडाऊनमधल्या जोसेफचा फोन आला. "दीदी, मधुभाई गिर गया है, आप आ जाओ." मला वाटलं शिडीवरून पडला असेल. हात मोडला असेल, आता महिनाभर घरी बसून वहिनीचं डोकं खाईल, असा विचार करत मी टॅक्सीत बसले. हॉस्पिटलच्या दारात जोसेफ उभा होता. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही, तेव्हा कळलं.

त्याला जाऊन आता काही आठवडे झाले. पुण्याला नेलं, सगळं रीतसर झालं, आलेल्या माणसांनी तो किती सज्जन होता ते सांगितलं. सज्जन तो होताच. पण मी त्याची सख्खी बहीण, मला त्याचा रागही येतो, आणि तो गेला म्हणून राग गेला असं काही झालेलं नाही. उलट आता तो कुणावर काढायचा हा प्रश्न आहे. म्हणून हे लिहिते आहे.

माझा दादा, मधुकर, शारजाला एका स्टॉक लॉटच्या कंपनीत होता. स्टॉक लॉट म्हणजे परदेशातल्या दुकानांचा न खपलेला माल. अमेरिकेतून कंटेनर यायचे आणि त्यात काय निघेल ते उघडेपर्यंत कुणालाच नक्की माहीत नसायचं. एका पायाचे बूट, ख्रिसमसच्या मेणबत्त्या, शाम्पू, कुत्र्यांचे स्वेटर. वाळवंटात कुत्र्याचे स्वेटर! दादा ते सगळं वेगळं करायचा आणि शेठच्या वतीने आफ्रिकेच्या, इराणच्या व्यापाऱ्यांना विकायचा. पुढे कंपनी हमरिया फ्री झोनमध्ये गेली, त्याच्या टेबलावर कॉम्प्युटर आला, पण काम तेच. त्याला त्या कामात एकच गोष्ट मनापासून आवडायची, कंटेनरचं सील तोडण्याची. दार उघडलं की आधी तो वास घ्यायचा. मालाच्या वासावरून सांगायचा की कापड आहे, रबर आहे की खाण्याचं काही. सांगितलेलं बरोबर निघालं की लहान मुलासारखा खूश व्हायचा, आणि संध्याकाळी आम्हाला तीच गोष्ट तीनतीनदा ऐकावी लागायची.

अशाच एका कंटेनरमधून ते खोकं आलं. आत बेसबॉलच्या खेळाडूंच्या कार्डांची बंद पाकिटं, बरीच वर्षं जुनी. मेणकागदाचं वेष्टण, आत पत्त्यांएवढी कार्डं, प्रत्येक कार्डावर एकेका खेळाडूचा फोटो, मागे त्याची आकडेवारी, आणि कार्डांच्या सोबत एक चपटी गुलाबी च्युइंगमची पट्टी. ती पट्टीच नडली. तपासायला आलेल्या माणसाने विचारलं, हे खाण्याचं आहे तर एक्सपायरी डेट कुठे आहे? ती कुठे असणार! शेठ म्हणाला, खलास, फेकून दे. दादाने फेकलं नाही, विचारून घरी आणलं. रेवा तेव्हा आठनऊ वर्षांची होती. दादा-वहिनींची ती एकुलती एक मुलगी.

शारजा म्हणजे क्रिकेटने वेडं झालेलं गाव. तिथे बेसबॉल कोण बघणार? पण त्या घरात शुक्रवारची सुट्टी म्हणजे बेसबॉलचं पाकीट असं ठरून गेलं. दुपारचं जेवण झालं, ताटं उचलली, की टेबल पुसून कोरडं करायचं, दादाने कपाटावरून बुटांचं खोकं काढायचं आणि त्यातलं एकच पाकीट रेवासमोर ठेवायचं. एकापेक्षा जास्त कधीच नाही. रेवा ते आधी नाकाशी धरायची, हे बापाचंच शिकलेलं. मग हलक्या हाताने वेष्टण सोडवायची. च्युइंगम इतकं जुनं झालेलं असे की हात लागताच त्याचे खापऱ्यांसारखे तुकडे पडत. ते खायची सक्त मनाई होती, आणि दादा ते दर वेळी गुपचूप चाखायचा. मग कार्डांचं वाचन. दादा मागचे आकडे क्रिकेटच्या हिशेबाने वाचायचा. "ॲव्हरेज पॉइंट दोन सात! अरे, आपल्या गल्लीतला शेवटचा बॅट्समन याच्यापेक्षा बरा." पॉइंट तीन म्हणजे त्या खेळात मोठं नाव असतं हे त्याला फार उशिरा कळलं, तोवर त्याने अमेरिकेचे सगळे चांगले खेळाडू संघाबाहेर काढले होते. नावं उच्चारता यायची नाहीत म्हणून रेवाने त्यांना आपली नावं ठेवली. मिशीवाला, गालफुग्या, रडका. आणि एक तोंडावर लोखंडी जाळी घातलेला, गुडघ्यांवर बसलेला, तो जाळीवाला. जाळीवाला तिने एका जुन्या जाहिरातीत पाहिला होता, कार्ड मात्र मिळालं नव्हतं. त्याच्यावाचून तिचा संघ अडला होता. दर शुक्रवारी पाकीट उघडताना ती म्हणायची, "प्लीज प्लीज जाळीवाला," आणि दर शुक्रवारी निघायचा गालफुग्या.

मग वहिनीचे वडील आजारी पडले आणि ती पुण्याला गेली. पंधरा दिवसांसाठी म्हणून गेलेली वहिनी कित्येक महिने अडकली. शाळा सुटली की रेवा माझ्याकडे यायची. तिने रडून गोंधळ घातला असता तर मला परवडलं असतं. ती गप्प झाली. जेवायला वाढलं की जेवायची, विचारलं तर "आय ॲम फाइन, आत्या," म्हणायची आणि भिंतीकडे तोंड करून झोपायची. दादा घाबरला. कामावरून आला की तिच्या अवतीभवती नुसता फिरायचा, काय करावं ते त्याला सुचायचं नाही. आणि मग एका शुक्रवारी, मी समोरच होते, रेवाने पाकीट उघडलं आणि वरून तिसऱ्या कार्डाला ती थांबली. जाळीवाला! कितीतरी दिवसांनी मी तिला ओरडताना ऐकलं. ती खोलीभर नाचली, बापाच्या गळ्यात पडली, त्या दुपारी तिने माझ्याकडून मागून पुरणपोळी खाल्ली. कार्डाच्या मागे पेनाने मोठ्या अक्षरात आपलं नाव लिहून टाकलं, आता हा माझा म्हणून. "आय ॲम लकी, बाबा," असं ती म्हणाली तेव्हा दादाच्या डोळ्यांत पाणी होतं. मी म्हटलं, बाई गं, एका कार्डासाठी रडतोस काय. मला काय माहीत.

त्यानंतर रेवाचं नशीब जे उघडलं ते उघडलंच. तिला हवं असलेलं कार्ड आज नाही तर पुढच्या शुक्रवारी हमखास निघायचं. परीक्षेला जाताना ती म्हणायची, मी लकी आहे ना. पोहण्याच्या स्पर्धेला जाताना तेच. वहिनी परत आली तेव्हा तिला हसरी मुलगी मिळाली, आणि सोबत पांढऱ्या कपड्यांवर पिवळट डाग. दादाच्या शर्टांवर, तिच्या चांगल्या सुती साडीवर. तिने धोब्याला दोष दिला, साबण बदलला, शारजाच्या खाऱ्या पाण्याला शिव्या घातल्या. इस्त्री उलटी करून बघायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. वहिनी नसताना दादा स्वतःचे कपडे स्वतःच इस्त्री करायचा, आणि मेणकागद उष्णतेने चिकटतो हे अशा उद्योगी माणसाला कळायला कितीसा वेळ लागणार! तो एकटा असताना, कधी जेवणाच्या जरा आधी, कधी पुढच्या दोनतीन शुक्रवारांची एकदमच, पाकिटं उघडायचा, रेवाला हवं ते कार्ड शोधायचा, शुक्रवारच्या पाकिटात घालायचा आणि वर रुमाल ठेवून त्यावरून इस्त्री फिरवायचा. वेष्टण पहिल्यासारखं बंद, आणि रुमालातून झिरपलेलं मेण इस्त्रीच्या तळाला.

आता वॉल्टरचं सांगते. शेठला अमेरिकेचे कंटेनर पुरवणारा हा माणूस दुबईत, जुमेराला बंगल्यात राहायचा. बोलायला मोकळा, सगळ्यांना नावाने हाक मारणारा. एका नाताळला त्याने कंपनीच्या लोकांना घरी जेवायला बोलावलं आणि वडे-समोशांची ऑर्डर मला दिली, म्हणून मीही तिथे होते. रेवा तेव्हा बारा वर्षांची. वॉल्टर लहानपणी ही कार्डं जमवायचा, त्याची मुलंही जमवायची, आणि मुलामुलांत अदलाबदल करायचं आधीच ठरलं होतं. रेवाला वॉल्टरच्या एका मुलाकडचं बेसबॉलचं जुनं चामडी ग्लोव्ह हवं होतं, बदल्यात ती तीन बंद पाकिटं देणार होती. निघताना घाई झाली, गाडी खाली हॉर्न वाजवत होती, आणि दादाने कपाटावरच्या खोक्यातून हाताला लागली ती वरची तीन पाकिटं उचलून तिच्या पिशवीत टाकली. वरची म्हणजे पुढच्या शुक्रवारांसाठी त्याने तयार करून ठेवलेली. हे त्याच्या ध्यानात आलं नाही.

अदलाबदल झाली. रेवा ग्लोव्ह हातात घालून मिरवत होती. वॉल्टरने मुलाच्या हातातलं पाकीट कौतुकाने घेतलं, उलटं केलं, मागची घडी बोटाने चाचपली. मग त्याने ते उघडलं. कार्डं एकेक करून टेबलावर ठेवली आणि एकावर बोट ठेवून म्हणाला, पाकीट एका वर्षाचं आणि हे कार्ड त्याच्या पुढच्या वर्षी छापलेलं, हे आत कसं आलं? आमच्या घरातल्या खोक्यात दोन वर्षांचा माल मिसळलेला होता. दादाला सगळी कार्डं सारखीच दिसायची. दुसरं पाकीट उघडलं, त्यातही तेच. वॉल्टर रागावला नव्हता हे मी सांगायला हवं. त्याला गंमत वाटली होती. आजूबाजूला कंपनीची माणसं, शेठ, बायका, मुलं, सगळे ताटल्या घेऊन उभे. त्याने रेवाकडे बघून हसत विचारलं, "यंग लेडी, हे इस्त्रीने चिकटवायला तुला कुणी शिकवलं?"

रेवाने बापाकडे पाहिलं. आम्हीही पाहिलं. दादाच्या हातात कागदी ताटली होती, तिच्यावर माझाच वडा. एक क्षण... आणि मग तो हसला. शेठसमोर हसायचा तसा. म्हणाला, "किड्स, सर. यू नो किड्स."

सगळे हसले. शेठने रेवाच्या पाठीवर थाप मारून म्हटलं, बडी होशियार है, धंद्यात ये. वॉल्टरच्या मुलाने मात्र हात पुढे केला, आणि रेवाने ग्लोव्ह काढून त्याला परत दिलं. त्या क्षणी मलाही वाटलं, पोरीनेच काहीतरी उद्योग केला असेल. परतताना गाडीत ती खिडकीतून बाहेर बघत होती आणि दादा रेडिओची स्टेशनं बदलत होता. वहिनी एवढंच म्हणाली की बाळा, असं करू नये. "ओके," रेवा म्हणाली.

दोनतीन दिवसांनी दादा माझ्याकडे आला आणि त्याने सगळं सांगितलं. मी त्याला जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्याच्याकडे कारणं होती, आणि खोटी नव्हती. त्याच महिन्यात शेठने गोडाऊनमधल्या दोघांचा व्हिसा कॅन्सल केला होता, माल इकडचा तिकडे केला या संशयावरून. पाकिटं उघडून आतला माल बदलणारा मॅनेजर, तोही ज्याच्याकडून माल येतो त्याच्याच घरात पकडलेला... नोकरी गेली की व्हिसा गेला, व्हिसा गेला की घर, रेवाची शाळा, सगळं आवरून परत. इथे राहणाऱ्या प्रत्येकाच्या पोटात ही भीती असते, ती मला कुणी समजावून सांगायला नको. "पोराला कोण काय म्हणणार होतं, शैले? हसून सोडून देणार होते. दिलं की सोडून," असं तो म्हणाला. मी म्हटलं, त्यांनी दिलं सोडून, रेवाने दिलं का? तर मान खाली घालून म्हणाला, तिला सांगतो मी. नीट बसून सांगतो.

पुढच्या शुक्रवारी जेवणं झाल्यावर त्याने टेबल पुसलं आणि पाकीट ठेवलं. खरंखुरं, हात न लावलेलं. रेवा शांतपणे म्हणाली, "यू ओपन इट, बाबा," आणि आत अभ्यासाला गेली. त्याने ते उघडलं नाही, परत खोक्यात ठेवलं. असं बरेच शुक्रवार चाललं. तो ठेवायचा, ती तेच म्हणायची, तो उचलायचा. मग ठेवणं बंद झालं. भांडण म्हणावं तर नाहीच. ती त्याच्याशी बोलायची, प्रगतिपुस्तक दाखवायची, त्याच्या वाढदिवसाला केक करायची. पण "मी लकी आहे" हे मी पुन्हा तिच्या तोंडून ऐकलं नाही. दहावीनंतर ती पुण्याला गेली, पुढे तिथेच इंजिनिअरिंग. सुट्टीला आली की दादा महिनाभर आधीपासून मला सांगायचा, या वेळी बोलतो. ती विमानात बसली की म्हणायचा, अगं, वेळच मिळाला नाही. वेळ! त्याला कंटेनरची दारं उघडायला वेळ होता.

मला वाटतं, सांगितल्याने तिच्या नजरेतून दोनदा उतरेन असं त्याला वाटायचं. एकदा नाताळच्या त्या दुपारसाठी, आणि एकदा जाळीवाल्यासाठी. ती पाकिटं खोटी होती म्हटल्यावर तिचं सगळं नशीबच खोटं ठरेल. एकदा तसं बोललाही होता. म्हणाला, तिला वाटतंय तेवढं तरी राहू दे.

मध्ये त्याने एक विचित्र गोष्ट केली. वॉल्टर कायमचा अमेरिकेला परत चालला होता. सामान बांधून झालेलं. दादा एका संध्याकाळी उठून जुमेराला गेला आणि त्याच्यापुढे उभं राहून म्हणाला की सर, ती पाकिटं माझ्या मुलीने नाही, मी चिकटवली होती. वॉल्टरने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "सॉरी मधू, कसली पाकिटं?" दादाने आठवण करून दिली. नाताळ, कार्डं, ग्लोव्ह. त्याला काहीही आठवेना. त्याला दादाला मुलगी आहे हेही आठवेना. त्याने दादाला कॉफी दिली आणि जाताना एक टेबललॅम्प भेट दिला. तिथून दादा थेट माझ्याकडे आला, लॅम्प मांडीवर घेऊन सोफ्यावर बसला. म्हणाला, ज्याला घाबरून बोललो त्याच्या लक्षातसुद्धा नाही गं. मला त्या वेळी त्याची दया आली, आणि मग लगेच राग आला की अरे, वॉल्टरला सांगायला जुमेराला गेलास, आणि पोरगी फोनवर असते दर आठवड्याला!

आणि मग या नोव्हेंबरात तो गेला.

रेवा डिसेंबरात आली, आधी काढलेल्या त्याच तिकिटावर. वहिनी आणि ती, दोघी मिळून घर आवरायला. दादाच्या व्हिसावर वहिनीचा व्हिसा, म्हणजे आता फ्लॅट रिकामा करून कागदपत्रं पुरी करायची. मीही रोज जात होते. शुक्रवारी दुपारी जेवणं झाली, वहिनी आत जरा आडवी झाली, आणि रेवाने टेबल पुसलं. स्टूल घेतलं, कपाटावरून बुटांचं खोकं खाली काढलं. आता हे मलाच सांगावं लागणार, आणि कोणत्या तोंडाने...

ती एकेक पाकीट उचलून नाकाशी धरत होती आणि दोन ढीग लावत होती. मी विचारलं, काय करतेस? म्हणाली, ही ओरिजिनल, ही बाबांची. मग अगदी सहज, भांडी कुठे ठेवायची ते सांगावं तसं तिने सांगितलं की खऱ्या पाकिटांना गोड वास येतो, च्युइंगमचा. बाबांच्या पाकिटांना इस्त्रीचा येतो. "त्यांच्या शर्टासारखा, आत्या. मला हीच जास्त आवडायची."

म्हणजे तुला माहीत होतं, मी म्हटलं. कधीपासून?

"जाळीवाल्यापासून. पाकीट अजून गरम होतं."

ती नाचली होती. गळ्यात पडली होती. मी डोळ्यांनी पाहिलं होतं. मी तसं म्हटल्यावर रेवा म्हणाली की नाचणं खोटं नव्हतं. बाबा माझ्यासाठी काहीतरी लपूनछपून करताहेत, हे कळल्यावर नाचू नको तर काय करू? "दॅट वॉज द लकी पार्ट." मी पुढे विचारणार नव्हते, पण तिनेच सांगितलं. नाताळच्या त्या दुपारी वॉल्टरने पाकीट उलटं केलं तेव्हाच तिला सगळं कळलं होतं. शेठ समोर उभा आहे हेही, व्हिसाचंही. बारा वर्षांच्या मुलांना इथे व्हिसा कळतो. "मी बाबांकडे बघितलं ना, ते विचारायला नाही. मी सांगणारच होते की मी केलं. माझ्या तोंडात होतं, आत्या. त्यांनी एक मिनिट थांबायला हवं होतं. मी दिलं असतं त्यांना. त्यांनी घेऊन टाकलं."

मी तिचा हात धरला. दुसरं काय करणार होते? इतकी वर्षं तो तिला एक गोष्ट सांगायला घाबरत होता जी तिला माहीत होती, आणि ती त्याने काही म्हणावं याची वाट बघत होती. दोघांच्या मध्ये एक टेबल, त्यावर एक पाकीट. मला दादाचा इतका राग आला की रडूच फुटलं. रेवाने मला पाणी दिलं.

दादाच्या ढिगात सगळ्यात वर जे पाकीट होतं ते तिने परत उचललं. पुन्हा वास घेतला. म्हणाली, हे जुनं नाहीये. मीही नाकाशी धरलं. गोडाऊनचा नाही, कपाटाचा नाही, इस्त्री केलेल्या कपड्यांचा ताजा वास. तिने मागची घडी सोडवली. च्युइंगमचा चुरा टेबलावर सांडला. वरचं कार्ड मिशीवाला, त्याखाली कुणी अनोळखी, आणि तिसरा जाळीवाला. तिने ते कार्ड उलटं केलं. आकडेवारीवर पेनाने लिहिलेलं तिचं स्वतःचं नाव, लहानपणीच्या मोठ्या, तिरक्या अक्षरात. तिच्याच लहानपणीच्या कार्डांच्या अल्बममधून काढून त्याने ते पाकिटात घातलं होतं. उघडल्याबरोबर तिने ओळखावं की हे आपोआप आलेलं नाही, कुणीतरी घातलंय. तोंडाने बोलणं त्याला जमणार नव्हतं हे त्याला आमच्यापेक्षा चांगलं माहीत असावं. ही त्याची तयारी.

रेवाने कार्ड दोन्ही हातांत धरलं आणि म्हणाली, "ओके, बाबा." मग टेबलावर डोकं ठेवून रडली. वहिनी आतून उठून आली, तिने मला खुणेनेच काय झालं म्हणून विचारलं. मी म्हटलं, काही नाही, शुक्रवार आहे.

त्या दोघी गेल्या. जाळीवाला रेवाच्या पर्समध्ये गेला, बापाची पाकिटं तिने बॅगेत स्वेटरच्या घडीत ठेवली. खरी पाकिटं मला देऊन टाकली, म्हणाली तुझ्या गिऱ्हाइकांच्या मुलांना वाट. इस्त्री जड, तिचा प्लगही तिकडे चालणार नाही, म्हणून ती माझ्याकडेच राहिली. तिच्या तळाला कडेने पिवळट थर आहे. आमच्या यांच्या पांढऱ्या शर्टावर पहिल्याच दिवशी डाग पडला. हे म्हणाले, नवी घे, पन्नास दिरहम, म्हणजे सहाशे रुपये, त्यासाठी शर्ट कशाला नासवतेस? मी म्हटलं, राहू दे. मग यांनीही पुन्हा विषय काढला नाही.

गेल्या शुक्रवारी दुपारी रेवाचा पुण्याहून फोन आला. कॉलेज, वहिनीची तब्येत, पुण्याची थंडी, असं बोलून झालं आणि ती जराशी अडखळली. मग विचारलं, आत्या, बाबांची इस्त्री गरम केलीस की तो वास अजून येतो का? मी म्हटलं, लक्ष दिलं नाही गं कधी, बघून सांगते. एक मिनिट थांबशील?

आयएसडीचे पैसे पळत होते. मी रिसीव्हर टेबलावर ठेवला आणि इस्त्री लावायला आत गेले.

"थांबते," ती म्हणाली होती. परत आले तेव्हा ती तिकडे थांबलेली होती.